कुणाचा, कुठला, काय करतोस? – वाटेवर बदलत गेलेली आपली ओळख



दिंडीची परंपरा, मुक्काम, विणेकरी, कीर्तनकार यांच्याविषयी या स्मरणिकेत जाणत्या मंडळींनी लिहिलंच आहे. आम्ही इथं एका साध्या गोष्टीचा इतिहास मांडतो आहोत. चारचौघांत उभं राहिल्यावर माणूस आपली ओळख कशी सांगतो? समोरचा त्याला काय विचारतो? आणि पवना-इंद्रायणीच्या या पट्ट्यात, जिथं शंभर वर्षांत शेताची कंपनी झाली आणि गावाचं शहर झालं, तिथं या प्रश्नाचं उत्तर कसकसं बदललं? विषय वरवर हलका वाटेल. पण वारकरी संप्रदायाची सुरुवातच या प्रश्नापासून झाली आहे, आणि तीही आपल्या दारात, आळंदीत.

संन्याशाची पोरं

परंपरा सांगते की, विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, पुढं गुरूच्या आज्ञेवरून ते पुन्हा संसारात आले. त्यांना निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई अशी चार लेकरं झाली. आळंदीनं त्या लेकरांना नाव दिलं ते ‘संन्याशाची पोरं’. मुंजीचा अधिकार नाही, पंगतीत जागा नाही. शुद्धिपत्र आणा म्हणून त्यांना पैठणला पाठवलं गेलं. आपण कोण, हे सांगायला त्या पोरांना परगावच्या पंडितांचा कागद लागत होता.

त्याच ज्ञानोबारायांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, आळंदीला संजीवन समाधी घेतली. आज त्यांना कुणी संन्याशाचा पोर म्हणत नाही. सगळे ‘माउली’ म्हणतात. एवढ्यावरही थांबलं नाही. वारीत आपण एकमेकांना हाक मारतो तीही ‘माउली’ अशीच. पाणी देणारा माउली, घेणारा माउली, बंदोबस्तावरचा पोलीस माउली, वाट चुकलेली म्हातारी माउली. गावानं ज्याला ओळख नाकारली, त्याचंच नाव आपण सगळ्यांची ओळख म्हणून वापरतो. हे नीट ध्यानात घेतलं, तर पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

धंदा लपवला नाही, मोठेपणा लावला नाही

शंभर वर्षांपूर्वीच्या आपल्या गावांत माणूस लांबून ओळखू यायचा. पागोट्याची घडी, धोतराची नेस, हातातलं अवजार, बोलण्याची लकब यांवरून जात कळायची, धंदा कळायचा. ‘कुणाचा रे तू?’ हा पहिला प्रश्न. उत्तरात बापाचं नाव, मग आडनाव, मग वाडा किंवा आळी. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग, ज्याची त्याची जागा ठरलेली. कोण ओसरीवर बसणार, कोण अंगणात आणि कोण वेशीबाहेर, हे विचारावं लागत नव्हतं. ओळख सांगायची नसायचीच, ती आधीच अंगावर असायची.

आपल्या संतांनी या ओळखीचं काय केलं ते पाहा. तेरचे गोरोबा कुंभार, अरणचे सावता माळी, पंढरपूरचे नरहरी सोनार, सेना न्हावी, नामदेव शिंपी. धंदा नावालाच जोडलेला. त्यांनी तो लपवला नाही. मळा, चिखल, मडकं, सोनाराची बागेसरी, न्हाव्याचा आरसा हे सगळं त्यांच्या वाणीत आलं. मात्र अभंगाच्या शेवटी सही करताना त्यांनी ना पदवी लावली, ना घराणं. नामदेव ‘नामा’ झाले, चोखोबा ‘चोखा’ झाले, तुकोबा ‘तुका’ झाले. जनाबाईंनी स्वतःला नामदेवांची दासी म्हटलं आणि दळणकांडणाच्या कामातच देवाला सोबतीला घेतलं. आहे ते दडवायचं नाही आणि नाही ते मिरवायचं नाही, अशी ही ओळख सांगण्याची संतांची रीत.

देहूचे तुकोबाराय तर महाजनकीच्या घरातले. दुकान, सावकारी, गावात मान. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घर मोडलं, जवळची माणसं गेली. मग त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, अशी कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. त्या कागदांबरोबर बुडालं ते फक्त येणं नव्हे. ‘मी देणेकऱ्याचा मालक’ ही ओळखही बुडाली. पुढं ते स्वतःला कुणबी म्हणवून घेत आणि त्यात कमीपणा मानत नसत. ब्राह्मण घरातल्या बहिणाबाईंनी त्यांना गुरू मानलं तेव्हा नवरा संतापला, घरात छळ झाला, तरी त्या देहूला आल्या. गुरू कोण आणि शिष्य कोण, हे जन्मावरून ठरवायचं नाही असं त्या बाईनं करून दाखवलं.

पैठणच्या एकनाथ महाराजांनी आणखी एक वाट दाखवली. भारुडांत ते कधी जोशी झाले, कधी वाघ्या, कधी गोंधळी, कधी वेशीबाहेरचा माणूस. सोंगी भारूड बघताना आपण हसतो. पण पंडिताच्या घरात जन्मलेला माणूस दुसऱ्याच्या तोंडून बोलतो, तेव्हा तो त्याच्या जागी घटकाभर उभा राहतो. आपल्याला आपली जागा म्हणजे खरी आणि दुसऱ्याची म्हणजे सोंग असं वाटत असतं. नाथ महाराज सांगतात की, सगळीच सोंगं आहेत, आत बोलणारा एकच.

दिंडीत माणूस कसा ओळखतात

तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. पुढं एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला आजची शिस्त लावली. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला नंबर. पुढं झेंडेकरी, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये विणेकरी आणि मृदंगी, मागं तुळस आणि हंडा डोक्यावर घेतलेल्या बायाबापड्या.

या रचनेत प्रश्न बदलतो. ‘कुणाचा रे तू?’ असं कुणी विचारत नाही. ‘कोणती दिंडी, माउली? रथापुढं की मागं? कितवी?’ असं विचारतात. माणूस काय आहे यापेक्षा तो कुठं उभा आहे आणि कोणतं काम करतो आहे, हे महत्त्वाचं. टाळ वाजवतोय, पाल ठोकतोय, पाण्याचा टँकर सांभाळतोय की भाकरी थापतोय, तीच त्याची ओळख. विणेकऱ्याचा मान मोठा, पण तो मान विण्याचा. विणा दुसऱ्याच्या गळ्यात दिला की पहिला साधा वारकरी.

पाया पडण्याची रीत बघा. गावात धाकट्यानं थोरल्याच्या पाया पडायचं, गरिबानं श्रीमंताला वाकायचं. वारीत एक वाकला की दुसराही त्याच घटकेला वाकतो. दोघं वाकले की थोर कोण आणि धाकटा कोण, हे बघणाऱ्याला सांगता येत नाही. ही नुसती नम्रता नव्हे, हिशेबच पुसून टाकण्याची युक्ती आहे.

कपाळावरचा बुक्काही तसाच. आपल्या समाजात विधवेचं कुंकू पुसलं जायचं, तिच्या कपाळावरूनच जग तिला ओळखायचं. वारीत बुक्का सगळ्यांच्या कपाळी. सवाष्ण, विधवा, कुमारी असा भेद त्या काळ्या ठिपक्यात राहत नाही. गावात जिला ‘बंडूची आई’ किंवा ‘अमक्याची मंडळी’ एवढंच नाव होतं, ती वाटेवर स्वतःच्या आवाजात ओवी गाते, फुगडी घालते, चार बायकांत हसते. जुन्या बाया म्हणायच्या, वर्षातले हे वीस दिवस आमचे. यातलं ‘आमचे’ किती जड आहे ते ज्यांनी ऐकलं त्यांना ठाऊक.

आणि तक्रारसुद्धा इथं एकट्याची नसते. तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंचावला की लाखाचा समुदाय गप्प होतो. कुणाची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, मग टाळ थांबतात. सापडलेल्या वस्तूही तिथंच पुकारल्या जातात. बोलणारा मोठा की लहान, हे बघितलं जात नाही. टाळ वाजतोय ना, मग ऐकायचं.

वाट समान, पंगत वेगळी

पण खरं ते लिहिलं पाहिजे. माउली म्हटल्यानं भेद आपोआप गेला असं झालेलं नाही. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. दिवसभर एकत्र भजन करणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीनं वेगळी बसतात, याचं दुःख त्यांनी त्यात मांडलं. त्याच बाईंनी असंही म्हटलं की, ज्या प्रदेशातली माणसं पंढरीच्या वारीला जातात तो महाराष्ट्र. प्रेम आणि दुःख दोन्ही एकाच लेखात आहेत, आणि दोन्ही खरी आहेत.

चोखोबा मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना ढिगाऱ्याखाली गेले. त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. दार समोर, आणि समाज शेकडो वर्षं दाराबाहेर. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात १ ते १० तारखेपर्यंत उपोषण केलं, तेव्हा विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं झालं. स्वातंत्र्य मिळायला तीन महिने उरले होते. चोखोबांच्या लेकरांना विठोबाच्या पायावर डोकं ठेवायला गुरुजींना जीव पणाला लावावा लागला, हे आपल्या संप्रदायाच्या इतिहासातलं पान आहे. ते फाडून टाकता येत नाही. ते वाचूनच पुढं चालायचं.

‘कोणत्या कंपनीत?’

आता आपल्या पट्ट्याकडं येऊ. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पण गावांचा चेहरा खऱ्या अर्थानं बदलला तो स्वातंत्र्यानंतर. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. त्याच दशकात टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, भोसरीत लहान-मोठी वर्कशॉपं उगवली. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महापालिका. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी पहिला विसावा घेते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. एके काळी तो मुक्काम शेतांमधला होता, आज तो कारखान्यांमधला आहे.

या काळात नवा प्रश्न आला. ‘कोणत्या कंपनीत?’ सोयरीक जुळवताना मुलाची शेती किती यापेक्षा ‘टेल्कोत पर्मनंट आहे’ हे तीन शब्द भारी पडू लागले. खिशावरचं नाव, तिकीट नंबर, शिफ्ट, कंपनीची बस यांवरून माणूस ओळखू येऊ लागला. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण, सातारा-सांगलीकडून लोक आले. इथं राहायला आल्यावर त्यांनी ‘गाव’ हा शब्द जपून ठेवला. घर चिंचवडला, पण ‘गाव’ विचारलं की उत्तर लातूर, जळगाव, चिपळूण. पालखी आली की हे कामगार कंपनीच्या गणवेशात रस्त्याकडेला उभे राहून पाणी, केळी, चहा देत आले आहेत. आपल्या गावाकडची दिंडी दिसली की त्यांचा चेहरा बघावा. कंपनीत जो नुसता नंबर असतो, त्याला तिथं कुणीतरी बापाच्या नावानं हाक मारतं.

कंपनीनं एक चांगलं केलं, हे मान्य केलं पाहिजे. एकाच मशीनवर, एकाच कँटीनमध्ये सगळ्या जातींची माणसं बसली. गावातल्या ओसरीनं जे केलं नाही ते कँटीनच्या बाकानं केलं. पण तिथंही पागोट्याची जागा हेल्मेटनं घेतली. साहेबाचं एका रंगाचं, कामगाराचं दुसऱ्या, ठेकेदाराच्या माणसाचं तिसऱ्या. डोक्यावरून पायरी कळायची, ती कळतच राहिली.

पुढं चाकण. कांदा-बटाट्याचा बाजार ही त्याची जुनी ओळख. १९९९ च्या सुमारास बजाजचा कारखाना तिथं सुरू झाला, मग देशी-विदेशी गाड्यांच्या कंपन्या रांगेनं आल्या. जमिनी गेल्या. ज्यांच्या गेल्या त्यांच्या हातात एकदम पैसा आला, आणि लोकांनी त्यांना नाव ठेवलं ‘गुंठामंत्री’. हसायला सोपं आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यानं ‘मी शेतकरी’ म्हटलं, त्याला जमीन गेल्यावर आपण कोण हे सांगायला शब्दच उरला नाही. म्हणून कुणी गळ्यातल्या साखळीनं सांगितलं, कुणी गाडीच्या नंबरानं, कुणी चौकातल्या फ्लेक्सवर ‘भाऊ’ न् ‘दादा’ लावून. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं म्हणतात. इथं तर पैसाच सोंग घेऊन आला.

दुसरीकडं ठेक्यावरचा पोरगा. कायम झालेला माणूस कंपनीचं नाव घेऊन ओळख सांगतो. हा नुसतं म्हणतो, ‘चाकणला असतो.’ कंपनीचं नाव घेत नाही, कारण सहा-आठ महिन्यांनी ते नाव बदलणार. खोलीत चार-पाच जण, गावाकडं सांगायचं ‘चांगलं चाललंय’. असा पोरगा एक दिवसाच्या वारीला येतो, आळंदी किंवा देहू ते पुणे चालतो, रात्री परत शिफ्टला जातो. त्याला टाळ हातात दिल्यावर कुणी ‘पर्मनंट का?’ असं विचारत नाही. त्याला टाळ मिळाला आणि रांगेत जागा मिळाली. बारा तास तो कुणाच्या ठेक्यावर नसतो.

आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे कामगारही आपल्या वस्त्यांत राहतात. ‘ये कौनसा जुलूस है?’ म्हणून विचारतात. त्यांना सांगावं की, आमचे नामदेव महाराज उत्तरेतही पोचले होते. पंजाबात घुमानला त्यांचं स्थान आहे आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. नामदेवांना परकी भाषा आड आली नाही, मग आपल्याला का यावी?

मिरवणं आणि मिसळणं

नवा मोह वेगळा आहे. फेटा बांधून, गंध लावून, टाळ हातात धरून फोटो काढायचा आणि पुढच्या चौकात गाडीत बसायचं. आम्ही याला नावं ठेवत नाही. फोटोसाठी आलेला कधी पुढच्या वर्षी चालायलाही येतो. पण नुसत्या वेषावर तुकोबारायांनी किती कडक कोरडे ओढले आहेत, हे गाथा वाचणाऱ्याला सांगायला नको. वेष माणसाला मिसळून टाकण्यासाठी आहे. तो उठून दिसण्यासाठी वापरला की उलटा होतो. पांढरा सदरा यासाठी की, गर्दीत तुम्ही सापडू नये.

मग शंभर वर्षांनंतर दिंडीनं काय जपावं? आमच्या मते तीन साध्या गोष्टी. नोंदवहीत नाव, गाव आणि अडचणीच्या वेळी फोन कुणाला करायचा, एवढंच लिहावं. हुद्दा, कंपनी, आडनावावरून विचारपूस यांना रकाना नको. दुसरी गोष्ट, भिशी कुणी किती भरली हे हिशेबाच्या वहीत राहावं, पंगतीत दिसू नये. आला तसा बसावा, शेजारी कोण हे बघू नये. तिसरी, वर्षातून एकदा कामांची पाळी बदलावी. नेहमी वाढणाऱ्यानं कधी टाळ धरावा, पुढच्या रांगेतल्यानं कधी खरकटं उचलावं. एकनाथ महाराजांचं भारूड रंगमंचावर पाहणं सोपं, पंगतीत करणं अवघड. पण करण्यासारखं तेच आहे.

गावानं विचारलं ‘कुणाचा?’, कंपनीनं विचारलं ‘काय करतोस?’, पुढच्या पिढीला आणखी काही विचारतील. ते प्रश्न पोटाचे आहेत, ते राहणारच. वर्षाकाठी थोडे दिवस तरी त्यांची उत्तरं खिशात ठेवता यावीत, एवढ्यासाठी ही दिंडी शंभर वर्षं चालली. आळंदीच्या एका वाळीत टाकलेल्या पोराचं नाव आपण रोज एकमेकांना देतो. ते देताना समोरच्याच्या डोक्यावर पागोटं आहे की हेल्मेट, हे दिसू नये.

रामकृष्णहरी!